नळाचा बाक, पंख्याचा बाक

शमीम सिस्टरचा मला अजून राग आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी तिचं इतकं कौतुक करणार आहे की वाचणाऱ्याला वाटेल, हिला काहीच वाटत नाही. वाटते. सहा महिने जिच्या डब्यातला ठेचा खाल्ला, तीच बाई रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये माझ्यापासून दीड हातावर उभी राहून म्हणाली, "ह्या पोरीनं मनानंच लिवलं असंन." त्यानंतर मी काय केलं तेही सांगणार आहे, पण ते शेवटी. आधी सिस्टर.

मी तेव्हा नर्सिंगच्या एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. थिसिसचा विषय ट्रायेज. म्हणजे कॅज्युअल्टीत एकदम चार पेशंट आले तर आधी कोणाला घ्यायचं, कोणाला दहा मिनिटं थांबवलं तर चालते आणि कोण तासभर बसला तरी त्याला काही होत नाही, हे ठरवणं. पुस्तकात त्याला रंग असतात, लाल, पिवळा, हिरवा. मला पेशंट तपासायचे नव्हते. नर्सेस हे कसं ठरवतात ते मला मोजायचं होतं आणि मोजण्यासाठी आधी प्रश्नावली बनवायची होती. आमच्यात तिला टूल म्हणतात. आधी टूल बनवा, मग जाणत्या लोकांना दाखवा, मग थोड्या नर्सेसवर करून पाहा, मग दुरुस्त करा, मग पुन्हा करून पाहा. माझ्या गाईड मॅडम म्हणायच्या, टूल पक्कं तर थिसिस पक्का.

मी मोताळ्याची. माझ्या घरून बसनं तासाभराच्या अंतरावर तालुक्याचं एक सरकारी रुग्णालय आहे, तिथली परवानगी मिळाली. नाव सांगत नाही. आता तर मुळीच नाही.

पहिल्या दिवशी मी बेचाळीस प्रश्नांचा गठ्ठा घेऊन गेली. कॅज्युअल्टीच्या दारात एका स्टुलावर एक बाई बसलेली, छप्पन्न वर्षांची, पांढऱ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, मांडीवर गॉजचं थान. ती हातानं घड्या घालत होती आणि डोळे फाटकाकडे. पुढचे सहा महिने मी तिला फाटकाकडे पाठ करून बसलेलं एकदाही पाहिलं नाही. जेवतानासुद्धा.

"सिस्टर, मी एमएस्सीची विद्यार्थिनी. हे भरून द्याल का? नाव लिहायचं नाही, सगळं गुप्त राहते."

तिनं गठ्ठा घेतला. चार मिनिटांत परत दिला. मी पाहिलं तर बेचाळीसच्या बेचाळीस प्रश्नांपुढं 'नेहमी'वर टिक. येणाऱ्या प्रत्येक रुग्णाची नाडी, श्वास, रक्तदाब तुम्ही तपासता का? नेहमी. प्राधान्यक्रम लेखी नोंदवता का? नेहमी. मी इतकी खुश झाली की मॅडमला लगेच मेसेज केला.

"बेटा, हे परीक्षा आहे का?" सिस्टरनं विचारलं.

"नाही नाही, परीक्षा नाही."

"मंग बरोबर उत्तर काऊन मांगतं?" मी पानं चाळायला लागली. ती म्हणाली, "नेहमी लिवाले काय लागते, पेन लागते. दुसऱ्याही पोरी हेच लिवतीन. जाय, त्या बाकावर बस अन् पाय." नंतर वरच्या पानाकडे बोट करून म्हणाली, "अन् हे काय हाय? नाव नाई लिवाचं. पण वय लिवाचं, बाई का माणूस ते लिवाचं, शिक्षण, नोकरीचे वर्षं, वार्ड, सारं लिवाचं. एकतीस वर्षं झालेली ह्या वार्डात मी एकटीच हाय वं. मंग नावच काऊन राह्यलं?"

मी हसली. म्हटलं, "मॅडम म्हणतात ते लागते."

"लागत असंन तं राहू दे," ती म्हणाली आणि पुन्हा घड्या घालायला लागली. हे मी नीट लक्षात ठेवून सांगते आहे, कारण तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आता बाकांचं. त्या वरांड्यात दोन लाकडी बाक होते. एक फाटकाजवळ, पाण्याच्या नळापाशी. दुसरा भिंतीशी, पंख्याखाली, सिस्टरच्या स्टुलापासून दोन पावलांवर. आणि आत, पडद्याआड, एक पलंग. पेशंट आला की ती दारातूनच सांगायची. "नळावर बसा." "पंख्याखाली बसा." किंवा काहीच न बोलता दंडाला धरून आत. मला वाटलं, जिथं जागा तिथं बसवते. चौथ्या दिवशी ट्यूब पेटली. पंख्याचा बाक रिकामा होता आणि तरी तिनं पाच जणांना नळावर दाटीवाटीनं बसवलं होतं. नळावर म्हणजे हिरवा, पंख्याखाली म्हणजे पिवळा आणि आत म्हणजे लाल. आणि माझ्या प्रश्नावलीत 'तुमच्या विभागात ट्रायेजची पद्धत आहे का?' ह्या प्रश्नाला बाकीच्या सगळ्या नर्सेसनी 'नाही' लिहिलं होतं.

मी उड्याच मारत तिच्याकडे गेली. "सिस्टर, हे ट्रायेज आहे."

"हाव का," ती म्हणाली. "मी तं बाकावर बसवून राह्यली."

ठरवायची कशी? तिचा पहिला प्रश्न 'काय होते' हा कधीच नसायचा. "कशावर आले?" हा असायचा. बसनं आला म्हणजे स्टॅन्डवर उभा राहिला, तिकीट काढलं, धक्के खाल्ले, तो नळावर. ऑटोनं आला तर बघू. मोटरसायकलवर दोघांच्या मधात बसून आला, मागच्यानं कमरेला धरून ठेवलं, तर प्रश्न पुढं विचारायचेच नाहीत. मग ती पायांकडे पाहायची. एका पायात चप्पल, एक पाय उघडा, किंवा बायकोच्या पायात नवऱ्याची चप्पल, म्हणजे घरातून कसे निघाले ते कळते. तोंडाकडे सगळ्यात शेवटी. "तोंड मले पाहून बदलते," ती म्हणायची. "पायाले माहीत नाई मी पाहून राह्यली ते."

आणि जो ओरडतो त्याची तिला अजिबात फिकर नसायची. "आवाज चालू हाय म्हणजे श्वास चालू हाय."

एकदा एक सासू आणि सून आल्या. सासू फाटकापासूनच चालू, माझे गुडघे, माझी कंबर, ह्या पोरीनं सकाळपासून स्वयंपाक केला नाही, ढोंग करते, मला चक्कर येते. सून मागं, पदर घट्ट, एक हात पोटावर, एक अक्षर नाही. सिस्टरनं सुनेची खालची पापणी ओढून पाहिली आणि रामदासला हाक मारली. रामदास म्हणजे तिथला वॉर्डबॉय, पन्नाशीचा. "रामदास, सासूले नळावर बसव, पाणी पाज. सुनेले आत घे. अन् गाडीवाल्याले सांग, जेवाले जाऊ नको म्हणा."

सासू म्हणाली, "बाई, पेशंट मी हावो."

"हाव ना आई. म्हणून तं तुमाले पाण्याजवळ बसवलं."

सुनेला अर्ध्या तासात बुलढाण्याला पाठवलं. पोटात रक्तस्राव होता. सासू दोन तास नळावर बसून होती आणि त्यातला अर्धा तास तिनं मला स्वतःच्या गुडघ्यांबद्दल सांगितलं. ते मी लिहूनही घेतलं. मी तेव्हा सगळंच लिहून घ्यायची.

सिस्टरची आणखी एक सवय. कोणतीही सुई भरण्याआधी ती बाटलीवरचं लेबल मोठ्यानं वाचायची. पूर्ण. औषधाचं नाव, किती ताकदीचं, कधीपर्यंत चालते, सगळं, सावकाश, एकेक शब्द. घाई कितीही असो. तरुण नर्सेस मागून तिची नक्कल करायच्या. एकदा मीही केली. ती मागंच उभी होती. ती चिडली नाही, म्हणाली, "वाचलेलं तोंडातून निंघालं पाह्यजे बेटा. डोळे वाचत नाई, डोळे अंदाज लावते."

माहेर तिचं खामगावचं, वडील जिनिंगमध्ये कामाला होते. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, एक मुलगी सासरी मेहकरला. हे मला सगळं तुकड्यातुकड्यानं कळलं, कारण स्वतःबद्दल तिचं एक वाक्य बोलून होईपर्यंत फाटकातून कोणीतरी यायचंच. एकच गोष्ट तिनं पूर्ण सांगितली. मी विचारलं होतं की तुम्हाला आत खुर्ची आहे, टेबल आहे, मग दारात स्टुलावर का बसता.

"नवी होती मी. त्या नळाच्या बाकावर एक बाई येऊन बसली. कोणाशी बोलली नाई. आम्हाले वाटलं कोणाच्या संग आली असंन. दुपारी झाडूवाली उठवाले गेली तं ती गेलेली. कवा गेली तेही माहीत नाई." ती थोडा वेळ घड्या घालत राहिली. "तवापासून मी इथीसा बसतो. दोन वर्षं राह्यले आता. साहेब दर वर्षी म्हणते, शमीमबाई, तुमचं वय झालं, तुमाले बीपी-शुगरच्या टेबलावर देतो, आराम होईन. मी म्हणतो, मले दारातूनच रिटायर होऊ द्या. दुसरं काई नाई मांगत."

तेवढंच तिला पाहिजे होतं. ते दार.

माझं टूल तिनं बनवलं हे मी आता स्पष्ट लिहिते, कारण थिसिसमध्ये कुठंच लिहिलेलं नाही. मी प्रसंग लिहून आणायची, 'पंचेचाळीस वर्षांचा पुरुष, छातीत दुखणे, तुम्ही कोणता प्राधान्यक्रम द्याल?' तिला वाचून दाखवायची आणि ती उत्तरच द्यायची नाही.

"कोणासंग आला?"

"ते नाही लिहिलं सिस्टर."

"कशावर आला?"

"तेही नाही."

"घाम हाय का? चप्पल हाय का पायात? हा माणूसच नाई बाप्पा, हे तं पुस्तक चालत आलं दवाखान्यात. याले कुठं बसवू मी?"

मग मी प्रसंग नव्यानं लिहिले. माणसं टाकली त्यात. मोटरसायकल टाकली, न बोलणारी सून टाकली, ओरडणारा पोरगा टाकला. 'नेहमी, कधीकधी, कधीच नाही' काढून टाकलं आणि विचारलं, मागच्या वेळी असा पेशंट आला तेव्हा तुम्ही काय केलं ते लिहा. जाणत्या मंडळींकडे पाठवलं तेव्हा एका बाईंनी चपलेच्या प्रश्नापुढं लिहिलं होतं, अशास्त्रीय, काढावा. बाकीच्यांनी सगळे प्रश्न पास केले. मॅडम फोनवर म्हणाल्या, "अगं, असं टूल मी पाहिलं नाही." मी सिस्टरला पेढे नेले. तिनं एक घेतला, बाकीचे रामदासकडून नळावर वाटून टाकले.

पहिलं पान मात्र तसंच राहिलं. वय, लिंग, शिक्षण, नोकरीची वर्षं, विभाग. त्याला कोणी हात लावला नाही. मीही नाही.

आता तो फवारणीचा दिवस. कपाशीवर फवारणी चालू होती, दुपारची वेळ. फाटकातून गावातल्या एका पुढाऱ्याचा पुतण्या आला, गाडीतून, सोबत चार पोरं. बोट कापलं होतं, रुमाल गुंडाळलेला. "डॉक्टर कुठं आहे? मी कोण आहे माहीत आहे का?" त्याच्या मागून एक माणूस चालत आला. शर्ट पाठीला चिकटलेला, हसत होता, म्हणाला, "काई नाई बाई, ऊन लागलं जरासं."

"कशावर आले?" सिस्टरनं विचारलं.

"भाऊनं सोडलं फाटकावर, मोटरसायकलवर."

"तुमी कुठं बसले होते?"

"मधात."

ती स्टुलावरून उठली. त्याच्या शर्टाचा वास घेतला. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येत होती आणि त्याला ते कळत नव्हतं. पुतण्याला ती म्हणाली, "दादा, नळावर बसा, हात वर धरून ठेवा," आणि त्या माणसाला आत नेलं. कपडे काढले, रामदासनं बादल्या आणल्या, धुतलं त्याला, सलाईनची सुई लावली, डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, टाचणीच्या टोकाएवढ्या. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते, आत एका बाईचं सिझेरियन चालू. रामदास दोनदा जाऊन आला, दोन्ही वेळा दार बंद. त्या माणसाचं हसणं थांबलं. छातीतून खरखर यायला लागली.

सिस्टरनं कपाटातून ॲट्रोपिन काढलं, फवारणीच्या विषावरचा उतारा, जो डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय नर्सनं द्यायचा नसतो. मी शेजारी उभी होती. तिनं लेबल वाचलं, मोठ्यानं, पूर्ण, सावकाश, मला वाटलं मी ओरडेन आता. मग दिलं.

डॉक्टर आले तेव्हा त्या माणसाचा श्वास मोकळा व्हायला लागला होता. त्यांनी पाहिलं, सिस्टरकडे पाहिलं, केसपेपरवर ऑर्डर लिहिली आणि वेळ वीस मिनिटं आधीची टाकली. माणूस आठ दिवसांनी घरी गेला. जाताना नळावर पाणी पिऊन गेला.

पुतण्या पाऊण तास बसून होता. बोटाला तीन टाके पडले. जाताना म्हणाला, "पाहून घेतो."

दुसऱ्या आठवड्यात माझं शेवटचं करून पाहणं होतं. नर्सेसना नवीन टूल भरायला दिलं. सत्ताविसावा प्रश्न असा होता: डॉक्टर उपलब्ध नसताना तुम्ही स्वतः औषध सुरू केल्याचा प्रसंग आला असल्यास लिहा. सिस्टरनं पेन हातात धरून मला विचारलं, "खरं लिवू का?"

"खरंच पाहिजे सिस्टर. त्याच्यासाठीच तर सगळं केलं. कोणालाच कळणार नाही."

तिनं लिहिलं. तिचं अक्षर त्या रुग्णालयात सगळ्यांना माहीत होतं, कॅज्युअल्टीचं रजिस्टर एकतीस वर्षं तीच लिहायची, र ला लांब शेपूट. तिनं लिहिलं, 'फवारणीचा पेशंट. डॉक्टर ओटीत होते. ॲट्रोपिन मी दिले. वाट पाहिली असती तर माणूस गेला असता. परत आला तर परत देईन.'

मी ते वाचलं आणि मला रडूच आलं. असं उत्तर कोणत्याच टूलला येत नाही. मी त्याच दिवशी बसमध्ये, मोबाईलवर, अंगठ्यानं, चार पानांचा अहवाल टाईप केला. बाकांची पद्धत, कशावर आले, चप्पल, सगळं. आणि मधात चौकट करून ते वाक्य. खाली लिहिलं, स्त्री, ५६ वर्षे, जीएनएम, ३१ वर्षे सेवा, अपघात विभाग. नाव नाही लिहिलं. नाव लिहायचं नसते हे मला चांगलं माहीत होतं. आणि रुग्णालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिला, सोबत, 'आपल्या सर्वांच्या सहकार्याबद्दल मनापासून आभार.' मोताळा यायच्या आत सात अंगठे आले होते.

चौथ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. टेबलावर दोन कागद होते, माझा अहवाल प्रिंट काढून आणि पुतण्याचा तक्रारअर्ज. अर्जात लिहिलं होतं की दवाखान्यात नर्सच डॉक्टर झाली आहे. तोपर्यंत त्या अर्जाला काही आधार नव्हता. आता होता. सिस्टर उभी, डॉक्टर खुर्चीवर, मी दाराशी.

"शमीमबाई, हे तुम्ही लिहिलं?" साहेबांनी चौकटीवर बोट ठेवलं.

"नाई साहेब."

"मग कोण? एकतीस वर्षं कोणाची झाली इथं?"

ती माझ्याकडे पाहत नव्हती. खिडकीतून फाटक दिसत होतं, ती तिकडे पाहत होती. "ह्या पोरीनं मनानंच लिवलं असंन. शिकते, लिवते काई काई. मी डॉक्टरच्या आधी कवाच सुई लावत नाई. विचारा डॉक्टरसाहेबाले."

डॉक्टर म्हणाले, "माझी ऑर्डर आहे पेपरवर." आणि मोबाईलमध्ये पाहायला लागले.

साहेब माझ्याकडे वळले. "म्हणजे तुम्ही खोटी माहिती लिहिली. मला तुमच्या कॉलेजला कळवावं लागेल. खोट्या माहितीवर थिसिस होत नाही, हे तर माहीत आहे ना?"

आता इथं मी खूप वेळा परत जाऊन आली आहे. तिला दोन शब्द बोलता आले असते. डोळ्यानं खुणावता आलं असतं की गप्प बस पोरी, निभावून नेऊ. तिनं काहीच केलं नाही. मला तिनं खोटारडी करून टाकलं आणि फाटकाकडे पाहत राहिली. मला इतकं लागलं ते की मी विचार केलाच नाही. पिशवीत सगळे भरलेले फॉर्म होते. मी तिचा काढला आणि टेबलावर ठेवला.

कोणी मागितला नव्हता. साहेबांनी पुरावा दाखवा असं म्हटलं नव्हतं. मी आपणहून ठेवला.

र ची शेपटं वरूनच दिसत होती.

सिस्टरनं तो कागद उचलला. साहेबांना वाटलं फाडते की काय, ते अर्धे उठले. तिनं फाडला नाही. कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरला, बाटलीचं लेबल धरायची तसा, आणि वरची ओळ मोठ्यानं वाचली. "आपण दिलेली माहिती पूर्णपणे गुप्त ठेवण्यात येईल व तिचा वापर केवळ अभ्यासासाठी करण्यात येईल." सावकाश. एकेक शब्द. ती ओळ मी टाईप केलेली होती.

मग कागद परत टेबलावर ठेवला. "हाव साहेब. माझंच हाय."

डॉक्टर मोबाईलमध्येच होते.

माझा थिसिस झाला. पासही झाली मी. मॅडमनी टूलवर माझं आणि त्यांचं नाव घातलं, आभारात लिहिलं, सहभागी परिचारिकांचे आभार. सिस्टरला मेमो मिळाला आणि बीपी-शुगरचा टेबल. साहेबांनी माझा अहवाल वाचून तिथं ट्रायेजचा फलकही लावला, बाकांना रंग दिले. नळाचा हिरवा, पंख्याचा पिवळा, आतल्या पलंगाच्या पायांना लाल. अगदी तिचेच बाक, तिच्याच जागी. फक्त स्टूल उचलून नेलं.

मी अजून भांडते मनात तिच्याशी. तुम्ही नाही म्हटलंच कसं? मी कोण होती तुमची? आणि प्रत्येक वेळी भांडणाच्या मधात कुठंतरी माझा हात पिशवीत जातो आणि मी गप्प होते. तिनं मला नाकारलं तेव्हा ती तिचं दार वाचवत होती. मी कागद ठेवला तेव्हा मी माझ्या पानांचा गठ्ठा वाचवत होती. आणि मुळात ते दार धोक्यात आणलं कोणी, तर सात अंगठ्यांवर खुश झालेल्या माणसानं.

थिसिसची बांधून आलेली एक प्रत घेऊन मी तिथं गेली, मागच्या महिन्यात. आतल्या पहिल्या पानावर मी पेननं लिहिलं होतं, हे सगळं शमीम सिस्टरचं आहे. रस्ताभर ठरवत होती काय बोलायचं ते.

वरांड्यात तिचा टेबल कॅज्युअल्टीच्या समोरच्या भिंतीला लावलेला. ती तिथंही तोंड फाटकाकडे करूनच बसली होती. समोर शुगर तपासायला आलेल्या लोकांची रांग. कॅज्युअल्टीच्या दारात नवीन नर्स, हातात रंगांचा फॉर्म, एकेकाला नाव, वय विचारून भरत होती. एक म्हातारा नळाच्या हिरव्या बाकावर बसलेला, गप्प. एक पाय उघडा.

सिस्टरनं एका बाईच्या बोटाला सुई टोचता टोचताच हाक दिली. "रामदास, त्या बाबाले पंख्याखाली बसव. तिथं ऊन येऊन राह्यलं." नळावर ऊन नव्हतं. सावलीच होती. रामदासनं म्हाताऱ्याला दंडाला धरून उठवलं आणि पंख्यापाशीही न थांबता सरळ आत घेऊन गेला. नव्या नर्सचा फॉर्म अर्धाच भरलेला राहिला.

मी टेबलापाशी गेली. रडू येत होतं, सगळं एकदमच बोलायला लागली, सिस्टर मी, सिस्टर तेव्हा माझं, सिस्टर हे तुमच्यासाठी. रांगेतल्या बायका पाहायला लागल्या. तिनं प्रत घेतली नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही, पट्टीवर रक्ताचा थेंब घेत होती.

"कशावर आली?" तिनं विचारलं.

"बसनं."

"मंग नळावर बस."

मी बसली. बाकाचा रंग नवा होता, हाताला चिकटत होता. प्रत मांडीवर ठेवून तासभर बसून होती. तिची रांग संपली, तिनं यंत्र पेटीत ठेवलं, डबा पिशवीत टाकला आणि फाटकाकडे निघाली. माझ्यासमोरून जाताना क्षणभर थांबली. माझ्या पायांकडे पाहिलं. दोन्ही चपला होत्या.

मग ती गेली.